अवयवदान : दात्याची पात्रता

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चालकांनी मला जे निमंत्रणपत्र पाठविले त्यात आजच्या व्याख्यानाचा विषय 'अवयवदानाचे महत्त्व' असा दिला होता. त्यांच्या अनुमतीने मी तो थोडा बदलून घेतला आहे. दानाचे महत्त्व आपल्या लोकांस नव्याने पटवून द्यावे अशी परिस्थिती नाही. अस्थी देणारा दधीची, स्वतःचे मांस तराजूत घालणारा शिबी आणि अंगची कवचकुंडले उतरवून देणारा कर्ण यांच्या कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या आहेत. परंतु अतिदक्षता विभागात भूलतज्ज्ञ म्हणून काम करीत असता मला असे दिसून आले की, प्रत्यक्ष प्रसंग आला म्हणजे घरातील माणसांपुढे उभा राहणारा प्रश्न महत्त्वाचा नसून पात्रतेचा असतो. 'वडिलांचे वय बहात्तर, त्यात मधुमेह. त्यांचे काही उपयोगी पडेल काय?' 'तिने कार्ड भरले होते, मग पुन्हा आमची सही कशाला?' 'मामा मूत्रपिंड द्यावयास तयार आहे, तर इतके अर्ज का?' हे प्रश्न मी वारंवार ऐकले आहेत, आणि त्यांचे उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळे देणाऱ्याची इच्छा मनातच राहिल्याचेही पाहिले आहे.

आपल्या धर्मशास्त्रात 'पात्र' हा शब्द दान घेणाऱ्याविषयी योजला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार केलेला आहे. अवयवदानात मात्र हे तिन्ही विचार प्रथम दात्यालाच लागू होतात. दाता कोठे मरण पावला, किती वेळापूर्वी मरण पावला आणि त्याच्या देहातील कोणता भाग दुसऱ्यास अपाय न करता उपयोगी पडेल, हे पाहिल्यावाचून ते दान दानच ठरत नाही. मी याच क्रमाने बोलणार आहे.

प्रथम देशाचा, म्हणजे स्थळाचा विचार. माणूस घरी, अंथरुणावर, हृदय बंद पडून मरण पावला, तर त्याचे हृदय, यकृत वा मूत्रपिंडे आपल्याकडे सामान्यतः घेता येत नाहीत. रक्ताभिसरण थांबताच हे अवयव काही मिनिटांतच बिघडू लागतात. घरी आलेल्या मृत्यूनंतर नेत्र, त्वचा आणि तत्सम ऊतींचे दान करता येते. मोठे अवयव मिळतात ते बहुधा मेंदूमृत्यू झालेल्या माणसाकडून. डोक्यास जबर मार बसला, मेंदूत रक्तस्राव झाला, अथवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटला म्हणजे मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी होऊ शकतो. श्वासाचे केंद्र या मस्तिष्कस्तंभात असते. ते गेले की स्वतःचा श्वास गेला. परंतु व्हेंटिलेटरने छातीत हवा जात राहते, आणि हृदयास स्वतःची गती असल्यामुळे ते काही काळ चालू राहते. छाती हलते आहे, अंग उबदार आहे, आणि माणूस मात्र गेलेला आहे, अशी ही विलक्षण अवस्था होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोमा म्हणजे मेंदूमृत्यू नव्हे. कोमातील रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ जिवंत असतो आणि असा रुग्ण पुष्कळदा शुद्धीवर येतो. मेंदूमृत्यूतून कोणीही परत येत नाही. म्हणूनच या निदानाभोवती कायद्याने इतकी कडेकोट तटबंदी उभारली आहे.

त्या तटबंदीचा थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या प्रांताचा तिच्याशी संबंध आहे. १९५४ साली बॉस्टन येथे जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले, आणि त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तोच प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला. पण ज्या काळी जगात बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी हे धाडस झाले, त्या काळी ते परळला झाले ही गोष्ट आपण विसरता कामा नये. त्या वेळी आपल्या देशात मेंदूमृत्यूस कायद्याची मान्यता नव्हती. ती मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने १९९४ साली दिली. हा कायदा प्रथम ज्या राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. पुढे २०११ साली त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ साली नवे नियम आले.

या कायद्यानुसार मेंदूमृत्यू एका डॉक्टरच्या शब्दावर ठरत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ लागते : रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, मान्य यादीतून नेमलेले एक तज्ज्ञ, मेंदूविकारांचे तज्ज्ञ आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसतील तर त्यांच्या जागी भूलतज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ, शल्यविशारद वा फिजिशियन यांस घेण्याची सोय दुरुस्तीने केली आहे. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस या मंडळात बसता येत नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. घेणाऱ्याच्या वतीने जो उभा आहे त्याने देणाऱ्याचा मृत्यू ठरवू नये, असे हे तत्त्व आहे. न्यायाच्या दृष्टीने याहून स्वच्छ तत्त्व मला ठाऊक नाही.

आता तपासणी. प्रथम बेशुद्धीचे कारण निश्चित ठाऊक असले पाहिजे. अंग गार पडल्यामुळे, झोपेच्या वा गुंगीच्या औषधांमुळे, विषबाधेमुळे, अथवा रक्तातील साखर व क्षार यांच्या बिघाडामुळे मेंदू तात्पुरता मूक झालेला नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. मग एकेक प्रतिक्षेप पाहतात. डोळ्यांवर प्रकाश टाकला असता बाहुल्या आकसतात काय? बुबुळास कापूस लावला असता पापणी मिटते काय? कानात थंड पाणी घातले असता डोळे हलतात काय? घशास स्पर्श केल्यास उबळ, श्वासनलिकेत नळी घातल्यास खोकला येतो काय? कपाळावर भुवईच्या कडेस दाबले असता चेहरा आक्रसतो काय? या सर्वांचे उत्तर 'नाही' असे आले म्हणजे अखेरची श्वासपरीक्षा करतात. रुग्णास प्राणवायू चालू ठेवून यंत्राचा श्वास थांबवितात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मस्तिष्कस्तंभात जीवाचा अंश जरी उरला असेल तरी त्या वायूच्या टोचणीने छाती एकदा तरी हलेल. त्या वायूचा दाब ६० मिलिमीटरपर्यंत चढूनही छाती हलली नाही, तर श्वासाचे केंद्र गेले असे समजावयाचे.

हे सर्व एकदा करून भागत नाही. किमान सहा तासांच्या अंतराने संपूर्ण तपासणी पुन्हा करावी लागते, आणि मगच चारही डॉक्टर प्रमाणपत्रावर सही करतात. हे सहा तास घरच्या माणसांना युगासारखे वाटतात. अनेकांनी मला रागाने विचारले आहे की, एकदा समजले ना, मग आणखी छळ कशासाठी? मी त्यांस सांगत असे की, हा वेळ आपल्याच माणसाच्या रक्षणासाठी राखलेला आहे. पुढे आयुष्यभर आपल्या मनास 'आपण घाई तर केली नाही ना' हा विचार शिवू नये, म्हणूनही तो राखलेला आहे.

दुसरा विचार कालाचा. देहातून काढल्यावर हृदय आणि फुप्फुसे साधारणतः चार ते सहा तासांत, यकृत आठ ते बारा तासांत, आणि मूत्रपिंडे सुमारे चोवीस तासांत दुसऱ्या देहात बसवावी लागतात. रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका धावते, विमानाने पेटी जाते, अशा बातम्या आपण वाचतो. त्यांचे कारण हेच. नेत्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढले जावेत. यासाठी घरच्यांनी करावयाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी देऊन ते थोडे उंच ठेवावे आणि जवळच्या नेत्रपेढीस ताबडतोब कळवावे. आपल्याकडे निरोप आधी नातलगांस जातात, मग भटजींस, आणि नेत्रपेढीची आठवण तिरडी बांधताना होते. हा क्रम बदलला पाहिजे.

आता पात्र. वयाविषयी सांगतो. मृत्यूनंतरच्या दानास वयाची सरसकट मर्यादा नाही. अवयव कसा आहे हे पाहतात, जन्मपत्रिका पाहत नाहीत. सत्तरी उलटलेल्या माणसाचे यकृतही उपयोगी पडल्याची उदाहरणे आहेत. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आईबापांपैकी एकाची संमती लागते. मधुमेह व रक्तदाब यांमुळे माणूस सरसकट अपात्र होत नाही. मूत्रपिंड बिघडले असेल, पण यकृत चांगले असू शकते. म्हणून प्रत्येक अवयवाची स्वतंत्र परीक्षा होते. मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीचे प्रमाण, यकृतासाठी त्यातील चरबी व रक्ततपासणी, हृदयासाठी इकोकार्डिओग्राफी आणि वय अधिक असल्यास अँजिओग्राफी, फुप्फुसांसाठी क्षकिरण व रक्तातील प्राणवायू अशा या परीक्षा आहेत. नेत्रांच्या बाबतीत तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, जाड भिंगांचा चष्मा असो, मधुमेह असो, त्यांपैकी काहीच आड येत नाही. कारण उपयोगी पडतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा. सांगण्याचे तात्पर्य असे की, 'माझे काय घेणार?' हा निर्णय दात्याने स्वतः करू नये. तो डॉक्टरांचा अधिकार आहे.

काही गोष्टी मात्र निश्चित नकारार्थी आहेत. शरीरात पसरलेला कर्करोग, आटोक्यात न आलेला रक्तातील जंतुसंसर्ग आणि कारण न कळलेला मेंदूज्वर असल्यास दान घेत नाहीत. एच.आय.व्ही. व कावीळ ब आणि क यांसाठी रक्त तपासतातच. रेबीजच्या बाबतीत तर यत्किंचितही संशय चालत नाही. २००४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका तरुण दात्याचे अवयव व रक्तवाहिनी चौघांना देण्यात आली. त्यास वटवाघूळ चावले होते हे मागाहून कळले. मेंदूतील रक्तस्राव हेच मृत्यूचे कारण समजले गेले होते. ते चौघेही रेबीजने दगावले. आपल्या देशात भटक्या कुत्र्यांचा उपद्रव सर्वत्र आहे. म्हणून समन्वयक जेव्हा विचारतो, 'अलीकडे कुत्रा चावला होता काय? परगावी गेले होते काय? काही व्यसन होते काय?' तेव्हा घरच्यांनी अपमान मानू नये आणि लाजेपोटी काही लपवू नये. खरे उत्तर देणे हाही दानाचाच भाग आहे. कुणाच्या जीवनासाठी दिलेली वस्तू त्याच्या मृत्यूस कारण होऊ नये.

यापुढचा प्रश्न अधिकाराचा : हे दान देण्याचा हक्क कोणाचा? हयातीत आपण दानाचा अर्ज भरला असेल तर कायदा त्या इच्छेस मान देतो. परंतु व्यवहारात निकटच्या नातलगांची संमती घेतल्यावाचून कोणतेही रुग्णालय पुढे जात नाही, आणि घरातील एकानेही तीव्र विरोध केल्यास बहुधा सर्व थांबते. म्हणून कार्ड खिशात ठेवून काम भागत नाही; ते पत्नीस, मुलांस, भावास ठाऊक असावे लागते. मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांना कळवून त्यांची अनुमती घेतात आणि शवविच्छेदनाची सोय लावतात. अवयव काढल्यावर देह नीट शिवून, स्वच्छ करून घरच्यांच्या स्वाधीन करतात. अंत्यविधीस त्यामुळे काही उणे पडत नाही. दानासाठी केलेल्या उपचारांचा व शस्त्रक्रियेचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यावयाचा नाही, असे नियमच सांगतात. देहदान ही गोष्ट याहून वेगळी. ते वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी होते. नेत्रदान करून मग देहदान करता येते.

आता जिवंत दात्याकडे वळतो, कारण आपल्या घरांत खरी ओढाताण तेथेच होते. २०२३ साली भारतात अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. मृत्यूनंतर दान करणारे मात्र सुमारे अकराशे होते. म्हणजे बहुतेक भार जिवंत माणसांनी उचलला. येथे कायदा 'निकटचा नातलग' कोणास म्हणतो ते ध्यानात घ्यावे : पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आणि २०११ पासून आजोबा, आजी, नातू, नात. आपल्या रीतीने जे अगदी जवळचे, ते मामा, काका, आत्या, मावशी, चुलतभाऊ, जावई हे या यादीत नाहीत. त्यांस दान करावयाचे झाल्यास प्राधिकार समितीपुढे जाऊन, हे केवळ प्रेमापोटी आहे, पैशापोटी नाही, असे सिद्ध करावे लागते. हे जाचक वाटते खरे. पण गरिबाचे मूत्रपिंड विकत घेण्याचा धंदा या देशात पुष्कळ झाला आहे, आणि असा व्यवहार करणाऱ्यास पाच ते दहा वर्षे तुरुंगवास व वीस लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा कायद्यात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रश्नोत्तरांचे कारण उमजते.

जिवंत दाता अठरा वर्षांहून मोठा असावा. त्याचा रक्तगट, ऊतींचा मेळ, रक्तदाब, साखर, लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडांची रचना आणि मनाची तयारी ही सर्व तपासतात. रक्तगट न जुळल्यास अशाच अडचणीतील दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करण्याची सोय आता कायद्यात आहे. दोन मूत्रपिंडांत उणेअधिक असेल तर चांगले मूत्रपिंड दात्याकडेच ठेवतात. दात्याचे हित आधी, हा नियम येथेही पाळला जातो.

परंतु, बंधुभगिनींनो, एक परीक्षा प्रयोगशाळेत होत नाही. ती स्वेच्छेची. जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक आहे, आणि अवयव घेणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. आईने मुलास, पत्नीने पतीस द्यावे यात नवल नाही. पण भावाने बहिणीस, पतीने पत्नीस देण्याची वेळ आली म्हणजे 'तो घरातला कमावता आहे' हे वाक्य ऐकू येते. सासरच्या बैठकीत सुनेने मान हलविली, ही संमती नव्हे. मी अशा एका भगिनीस एकांतात विचारले होते. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, 'डॉक्टर, नाही म्हटले तर मी राहू कोठे?' तपासणीत ती दानास योग्य नाही असा शेरा गेला आणि कारण गुप्त राहिले. दात्यास माघार घेण्याचा हक्क शेवटच्या क्षणापर्यंत आहे, आणि त्याची लाज राखणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. त्याचप्रमाणे ज्या अविवाहित मुलीने आईस मूत्रपिंड दिले, तिचे स्थळ त्या कारणावरून नाकारणारी घरे आपल्या ज्ञातीत आहेत, हे येथे स्पष्ट बोलले पाहिजे. नीट तपासून घेतलेला दाता एका मूत्रपिंडावर निरोगी आयुष्य जगतो, संसार करतो. अशा स्त्रियांना मुलेबाळेही होतात, गरोदरपणी अधिक काळजी घ्यावी लागते इतकेच. जिला आपण सत्कारात शाल देतो, तिला सून म्हणून नको म्हणतो, ही विसंगती आपणांस शोभत नाही.

अखेरचा मुद्दा ज्ञातीचा, आणि तो या व्यासपीठावरच बोलला पाहिजे. 'आमच्या माणसाचे अवयव आमच्याच ज्ञातीतील रुग्णास द्यावेत' अशी विनंती मजकडे एकाहून अधिक वेळा आली आहे. ती मान्य होणे शक्य नाही, आणि होऊही नये. मृत दात्याचे अवयव कोणास जावे हे घरचे ठरवीत नाहीत, डॉक्टरही आपल्या मर्जीने ठरवीत नाहीत. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांत नोंदविलेल्या रुग्णांच्या यादीतून, रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, आजाराची निकड आणि अंतर पाहून ते ठरते. त्या नोंदीत जातीचा रकाना विचारात घेतला जात नाही. आपले हे मंडळ ज्ञातीच्या उन्नतीसाठी स्थापन झाले, शिष्यवृत्त्या देते, वधूवरसूची काढते. ते योग्यच आहे. पण ज्या ज्ञातिबंधूस आज यकृत हवे आहे, त्यास ते कोणत्या घरातून येणार आहे? बहुधा परक्या ज्ञातीच्या, परक्या धर्माच्या घरातून. ज्या यादीच्या भरवशावर आपला माणूस जगणार, त्या यादीस आपणही निरपेक्षपणे दिले पाहिजे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. मंडळाच्या कुटुंबनोंदवहीत, घरात या विषयाची चर्चा झाली आहे काय, एवढाच एक रकाना असावा. कोणी काय ठरविले हे विचारू नये. वसतिगृहात व कार्यालयात जवळच्या नेत्रपेढीचा व समन्वय केंद्राचा दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावा. आणि जिवंत दान केलेल्या भगिनींचा सत्कार करण्यापेक्षा, त्यांच्या विवाहात हे कारण आड येणार नाही, असा ठराव मंडळाने करावा.

शिबीच्या कथेत तराजू आहे, हे आपण विसरतो. देणाऱ्याचे मन कितीही मोठे असले तरी दिलेले पुरेसे आणि योग्य आहे किंवा नाही हे तेथेही तोलून पाहिले गेले. आजचे चार डॉक्टर, सहा तासांचे अंतर, समन्वयकाचे प्रश्न आणि समितीचे अर्ज हा तोच तराजू आहे. त्याच्यापुढे उभे राहण्याची वेळ कोणावरही न येवो. पण आलीच, तर घरातील माणसांचे एकमत आधीच झालेले असावे, एवढीच प्रार्थना.